ओसाकाहून एका दिवसात साकेचं (तांदळाच्या जपानी दारूचं) गाव बघायचं, तर नाडा की फुशिमी?

द्राक्षवाला, तासगाव

नमस्कार मंडळी. जानेवारीत जपानला निघालोय. लेक ओसाकाला असते, तिचं बाळंतपण. सौ. डिसेंबरातच पोचतील, मी मागनं. ऐन मणी फुगायच्या दिवसांत बाग भावाच्या गळ्यात टाकून जायचं जिवावर येतंय, पण नातवंड काही छाटणीची तारीख बघून येत नाही.

तिथं बाळंतिणीच्या खोलीत माझा उपयोग शून्य. म्हणून जावईबापू म्हणाले, "मामा, एक दिवस साके बनवतात तिकडं जाऊन येऊ." दोन नावं सांगितली, कोबेजवळचं नाडा आणि क्योटोजवळचं फुशिमी. दिवस एकच आहे. वाइनच्या द्राक्षांची लाट आली तेव्हा मीही दीड एकर लावून हात पोळून घेतलेत, त्यामुळं नुसतं चाखायचं नाही, बनवतात कसं तेही बघायचंय. मटण-कोंबडी खातो, मासळीचा वाससुद्धा चालत नाही. पोटाचं काय होईल?

आणखी एक, जरा अवघड आहे. जावयासमोर मी आजवर पेला उचललेला नाही. त्यांनीही माझ्यासमोर नाही. दोघांनाही एकमेकांचं माहीत आहे, ते सोडा.

वाईकर

फुशिमी, डोळे झाकून. ओसाकातल्या योदोयाबाशी स्टेशनावरनं केइहान रेल्वेची गाडी पकडा, चुशोजिमाला उतरा, पाऊण तासाचं काम. गेक्केइकान या साके कंपनीचं म्युझियम तिथनं चालत. ही मंडळी १६३७ पासून या धंद्यात आहेत, म्हणजे शिवाजी महाराज सात वर्षांचे होते तेव्हापासून. कालवा, काठाला लोंबती झाडं, काळपट लाकडी भिंती, फोटो एक नंबर. नाडा म्हणजे हायवे, कारखाने आणि मधूनच एखादं म्युझियम. मजा नाही.

मळीवाला, सांगली

फोटो काढायचे असतील तर वाईकरांचं ऐका. बनवणं बघायचं असेल तर नाडा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सत्तावीस वर्षं केमिस्ट होतो, आणि मुलाकडं गेलो तेव्हा दोन्हीकडं हिंडलोय, म्हणून बोलतो.

तुमच्या द्राक्षात साखर तयार असते, आमच्या मळीतही असते. यीस्ट पडलं की काम सुरू. तांदळात नुसता स्टार्च. म्हणून ते वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी पेरतात. ती स्टार्च फोडून साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. साखर एकदम अंगावर येत नाही, लागेल तशी मिळत राहते, त्यामुळं अल्कोहोल वीस टक्क्यांपर्यंत चढतं. आमचा मळीचा वॉश, म्हणजे आंबवलेली पातळ मळी, दहाच्या आसपासच दमायचा. पुढं पाणी घालून पंधरा-सोळावर आणतात आणि बाटलीत भरतात. तुम्ही जन्मभर भुरी आणि डावणी या द्राक्षावरच्या बुरशीरोगांवर फवारे मारलेत. तिथं बुरशीला उबदार खोलीत, कापडात गुंडाळून, रात्री उठून उठून बघतात. बाळंतिणीच्या खोलीतनं निघून तुम्ही दुसऱ्या बाळंतिणीच्याच खोलीत जाणार आहात.

हे सगळं नाडाला हाकुत्सुरू या साके कंपनीच्या म्युझियममध्ये नीट दिसतं. जुन्या लाकडी इमारतीत माणसाएवढे पुतळे उभे केलेत: एक तांदूळ धुतोय, एक वाफ धरतोय, एक शिडीवर चढून पिंप ढवळतोय. पिंपं एवढी की आपल्याकडचा कडबा त्यात मावेल. आत जायला पैसे नाहीत.

तिथनं किकु-मासामुने या दुसऱ्या साके कंपनीचं म्युझियम चालण्याच्या अंतरावर आहे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्यांची जुनी इमारत भुईसपाट झाली. ढिगाऱ्यातनं अवजारं वेचून काढली आणि १९९९ ला म्युझियम पुन्हा उघडलं. आपण किल्लारी बघितलेली माणसं, ती फळकुटं बघताना जरा थांबायला होतं.

आता पाणी. यामामुरा ताझाएमोन नावाचा एक साकेवाला होता, त्याच्या नाडा भागात दोन भट्ट्या, एक उओझाकीला, एक निशिनोमियाला. निशिनोमियाची साके कायम सरस. गड्यानं दोन्हीकडं तोच तांदूळ वापरून बघितला, मुख्य कारागिरांची अदलाबदल केली, फरक जाईना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेलं आणि तिथली साके सुधारली. साल १८४०. ते पाणी म्हणजे मियामिझु. त्यात यीस्टला लागणारं फॉस्फरस-पोटॅशियम भरपूर आणि लोह जवळपास नाही. लोह असलं की साके पिवळी पडते, चव जाते. हे पाणी जपानच्या मानानं जड, म्हणून नाडाची साके कडक आणि कोरडी. फुशिमीचं पाणी त्यापेक्षा हलकं, साके मऊ. आपल्याकडं बोअरच्या पाण्यात तूरडाळ तासन्‌तास शिजत नाही आणि कृष्णेच्या पाण्यात दोन शिट्ट्यांत लोणी होते, तसलाच हा प्रकार. फुशिमीला गेलात तर गोकोनोमिया देवळातलं पाणी ओंजळभर प्या. लोक कॅन घेऊन भरायला येतात.

दारावर सुरूसारख्या झाडाच्या फांद्यांचा मोठा गोळा टांगलेला दिसेल. तो हिरवागार असला की नवी साके उतरली समजायचं, पुढं वाळून तपकिरी होतो. तुम्ही जानेवारीत जाताय म्हणजे ऐन हंगामात. तेव्हा 'नामा' म्हणून ताजी, न तापवलेली साके मिळते. एरवी दोनदा तापवून जंतू मारतात, हिला तापवत नाहीत. तिथंच प्या. मी शहाणपणानं एक बाटली आणली आणि विश्रामबागच्या घरात कपाटात ठेवली. एप्रिलमध्ये पाहुणे आले म्हणून उघडली, तर रंग पिवळट आणि वास आंबलेल्या ताकाचा. पाहुण्यांसमोर बायको म्हणाली, "सत्तावीस वर्षं हेच शिकलात?"

कोबेतली कराडकरीण

मळीवाले काका, कडब्याची उपमा ऐकून इकडं एकटीच हसले.

द्राक्षवाले काका, मासळीचं अवघड आहे. इथं साध्या भाजीच्या सारातसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, तो दिसत नाही. म्हणजे सूप सगळी संशयित. साकेच्या चोथ्याचं कासुजिरु या गावांत घरोघर करतात, पण त्यातही बहुतेक वेळा सामन मासा. त्यापेक्षा 'याकितोरी शिओ' मागा, मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. फुशिमीला तोरिसेइ म्हणून साकेवाल्यांचंच कोंबडीचं हॉटेल आहे, तेवढ्यासाठी फुशिमीला माझं मत. मटण विसरा. आणि 'ग्यू' शब्द ऐकला की समजा गोमांस. कोबेत तेच आधी पुढं करतात. नारा-झुके चाखा, साकेच्या चोथ्यात मुरवलेलं काकडीवर्गातलं लोणचं. आपल्या जिभेला बरं लागतं, पण चढतंसुद्धा, म्हणून काकूंना नेताना सांगून न्या. त्यांच्यासाठी कोजीची आमाझाके घ्या, तांदळाची गोड पेज, दारू नाही.

जावयाचं म्हणाल तर इथला रिवाजच सोयीचा आहे. स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. त्यांनी तुमचा भरायचा, तुम्ही त्यांचा. म्हणजे दोघंही 'मी नको म्हणत होतो' म्हणायला मोकळे. प्रत्येक पेल्यामागं तेवढंच पाणी प्या, पेले इवलेसे असतात आणि तिथंच फसगत होते. गाडी मात्र नको. चालवणाऱ्यानं एक घोट घेतला तरी शेजारी बसलेल्यालासुद्धा गुन्हा लागू शकतो. सायकलवरही चालत नाही. ट्रेननं जा.

वाईकर

कोंबडीसाठी का होईना, फुशिमी!

द्राक्षवाला, तासगाव

सगळ्यांचे आभार. जावईबापूंना हे सगळं वाचायला पाठवलं. पेल्याचा परिच्छेद सोडून बाकी सगळ्यावर उत्तर आलं.

ठरलं असं, सकाळी नाडा. पाण्याची गोष्ट वाचल्यावर ते टाळणं शक्य नाही, आमच्या दोन बोअरच्या पाण्यात फरक आहे आणि सोसायटीत त्यावरनं वाद चालूच आहेत. फुशिमी जमलं तर परतायच्या आधी, कोंबडीच्या नावाखाली. बरोबर बेदाणा नेला तर विमानतळावर अडवतील काय? चार किलो हिरवा लांब काढून ठेवलाय.

कोबेतली कराडकरीण

बेदाणा चालतो, ताजी द्राक्षं आणू नका. चारातला एक किलो इकडं पाठवायचा, पत्ता निरोपात कळवते.