मदत हवी आहे : पथ्यासाठी ऑक्झलेटचा नेमका कोणता आकडा धरायचा?

मंडळी, मूतखडा पडला तेव्हा त्याचं पृथक्करण करून घेतलं. कॅल्शियम ऑक्झलेट (पालकासारख्या भाज्यांत असणारं ऑक्झलेट कॅल्शियमला चिकटून होणारा क्षार), बराचसा मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा एक रेणू जोडलेला प्रकार. त्यात नवल नाही, चारातले तीन खडे याच जातीचे असतात. मग २४ तासांची लघवी तपासली : ऑक्झलेट ५२ मिग्रॅ (अहवालातली मर्यादा ४०), सायट्रेट (खडा व्हायला अडवणारा घटक) जरा कमी, बाकी ठीक. एकूण लघवी १.३ लिटर. डॉक्टर म्हणाले, ऑक्झलेट कमी करा, दूध सोडू नका. कशात किती असतं विचारलं, तर म्हणे नेटवर बघा.

नेटवर यादी एक नाही, पन्नास आहेत. १०० ग्रॅम पालकात कुठे ६०० मिग्रॅ, कुठे ९७०. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे आकडा काढला कसा हे आधी बघायची खोड. पानं गरम पाण्यात काढली तर फक्त विद्राव्य (पाण्यात विरघळणारं) ऑक्झलेट येतं, म्हणजे सोडियम-पोटॅशियमचे क्षार. हायड्रोक्लोरिक आम्लात काढली तर कॅल्शियमशी बांधलेलंही सुटतं आणि एकूण आकडा मिळतो. यादीवाले यातलं काय मोजलं ते सांगतच नाहीत.

तर विद्राव्य आकडाच धरू का? भाजी उकळून पाणी टाकलं तर कितपत फरक पडतो? आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत परमँगनेटने (ऑक्झलेटशी क्रिया होऊन रंग जाणारं जांभळं रसायन) स्वतःच मोजलं तर चालेल का?

(अमुक रस प्या, खडा विरघळेल, असले सल्ले कृपया नकोत. कॅल्शियम ऑक्झलेट इतकं भोळं नाही.)

प्रतिसाद १
विद्राव्य धरा. शोषलं जातं ते मुख्यतः तेच. कॅल्शियमला चिकटलेलं बरंचसं शौचावाटे निघून जातं. उकळून पाणी ओतून दिलं तर भाजीप्रमाणे ३० ते ८७ टक्के विद्राव्य ऑक्झलेट कमी झाल्याचं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. वाफवून तेवढं जात नाही, कारण जायला पाणीच नसतं.

प्रतिसाद २
सर, टायट्रेशन करा (परमँगनेट थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजा), पण पानांचा अर्क थेट ब्युरेटखाली (थेंब सोडायच्या मापनळीखाली) धरू नका. परमँगनेट त्यातल्या क जीवनसत्त्वाला, साखरेला, पॉलिफेनॉलना, सगळ्यांनाच खातं आणि आकडा फुगतो. आम्लात काढलं असेल तर क्लोराइडचीही लुडबुड. आधी कॅल्शियम क्लोराइडने ऑक्झलेटचा साका पाडा, गाळून नीट धुवा, सल्फ्युरिक आम्लात विरघळवा आणि द्रावण ६० अंशांच्या वर ठेवून टायट्रेट करा. पहिले थेंब रंग सोडायला वेळ लावतात, तिथे घाई नको. मँगनीज आयन तयार झाले की पुढचं भराभर होतं. ०.०२ मोलर परमँगनेटचा १ मिली म्हणजे ४.४ मिग्रॅ ऑक्झलेट.

प्रतिसाद ३
पालकाच्या मिलिग्रॅमवर एवढा जीव टाकताय आणि १.३ लिटर लघवीवरून पुढे निघून गेलात! निदान अडीच लिटर व्हायला हवी. तेवढंच ऑक्झलेट दुप्पट पाण्यात असेल तर स्फटिक जमायला वावच कमी.

दुधाबद्दल डॉक्टर बरोबर आहेत, फक्त ते जेवणासोबत घ्या, म्हणजे ऑक्झलेट आतड्यातच बांधलं जाईल. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी १२० पुरुषांवर ५ वर्षं चाचणी केली, २००२ साली प्रसिद्ध झाली. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडे झाले. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना. पहिल्या गटात लघवीतलं ऑक्झलेट उलट वाढलं होतं.

आणि एक विचारायचं राहिलं, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेता का?

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. साका पाडायची पद्धत करून बघतो. पाण्याचं मान्य, वर्गात बाटली नेतच नाही.
गोळी घेतो, रोज १ ग्रॅम. पण त्यात ऑक्झलेट कुठून आलं?

प्रतिसाद ३
गोळीत नसतं, शरीरात होतं. क जीवनसत्त्वाचा काही भाग मोडून ऑक्झलेटच बनतो. स्वीडनमधल्या पुरुषांच्या २०१३ च्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मूतखड्याचा धोका साधारण दुप्पट दिसला. डॉक्टरांना विचारून थांबवा आणि मग चाचणी पुन्हा करा. लघवी गोळा करायच्या डब्यात आम्ल घातलेलं होतं का तेही बघा. नसेल तर क जीवनसत्त्वाचं डब्यातच ऑक्झलेट होऊ शकतं आणि ते तुमच्या खात्यावर चढतं.

धागाकर्ता
डबा कोराच दिला होता. म्हणजे ५२ मधले माझे किती, हेही नक्की नाही! उद्या लॅबला फोन करतो. तोवर पालक उकळून, पाणी टाकून.