टिअर-2 एनबीए, वॉशिंग्टन अकॉर्ड आणि सीओ अटेनमेंट

प्रश्न (सिव्हिल विभाग, सांगली):
नमस्कार. आमचं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे, स्वायत्त नाही. एनबीए, म्हणजे अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्यांचा एसएआर (स्वमूल्यमापन अहवाल) भरायला घेतलाय आणि दोन ठिकाणी अडलंय. टिअर-2 मधून, म्हणजे आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांच्या गटातून, एनबीए मिळालं तर मुलांची पदवी वॉशिंग्टन अकॉर्डखाली (अभियांत्रिकी पदव्या एकमेकांकडे मान्य करण्याचा देशोदेशींचा करार) धरतात का? पालक हेच विचारतात. दुसरं, विद्यापीठाच्या पेपरचे प्रश्नवार गुण मिळत नाहीत, फक्त एकूण मिळतात. मग सीओ अटेनमेंट, म्हणजे विषयाची ठरवलेली उद्दिष्टं (सीओ) मुलांनी किती गाठली ते, काढायचं कसं?

उत्तर (कराड):
सर, पहिल्याचं उत्तर नाही असंच आहे. भारत जून 2014 मध्ये एनबीएमार्फत अकॉर्डचा कायम सदस्य झाला, पण त्याचा लाभ टिअर-1 च्या, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या, मान्य अभ्यासक्रमांनाच मिळतो. शिवाय मान्यता शाखेला असते, कॉलेजला नव्हे. मेकॅनिकलची मान्यता सिव्हिलच्या मुलाच्या उपयोगाची नाही, आणि तो पास झाला त्या वर्षी ती चालू असायला हवी. नॅक या दुसऱ्या मूल्यांकन संस्थेची ग्रेड इथे धरत नाहीत, ती अख्ख्या कॉलेजची असते.
टिअर-2 च्या मुलाची वाट बंद होत नाही, लांबते. उदाहरणार्थ, इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेकडे त्याला सीडीआर (स्वतःच्या कामाचा क्षमता-अहवाल) लिहून आपली क्षमता दाखवावी लागते. पालकांना हे प्रवेशाच्या वेळीच सांगा. टिअर-2 असताना माहितीपत्रकावर वॉशिंग्टन अकॉर्ड छापणं ही मुलांची फसवणूक आहे.

उत्तर (सातारा):
मॅडम/सर, अटेनमेंटचं बोलतो. प्रश्नवार गुण नसतील तर विद्यापीठाच्या एकूण गुणांवरून एकच पातळी काढा आणि ती त्या विषयाच्या सगळ्या सीओंना लावा. प्रश्नवार हिशेब फक्त अंतर्गत चाचण्यांचा ठेवा.
समजा लक्ष्य 60% गुण. ते 50% मुलांनी गाठलं तर पातळी 1, 60% नी गाठलं तर 2, 70% नी गाठलं तर 3. वर्गात 60 मुलं, त्यातली 39 विद्यापीठाच्या पेपरात लक्ष्यावर, म्हणजे 65%, पातळी 2. अंतर्गत चाचणीत 3 आली आणि चाचणी व विद्यापीठ यांचा भार 30:70 ठेवला, तर 0.9 + 1.4 = 2.3. त्या सीओचं पीओशी (अख्ख्या पदवीचं उद्दिष्ट) मॅपिंग, म्हणजे 1 ते 3 मध्ये मोजलेला संबंध, 2 असेल तर पीओच्या खात्यात 2 × 2.3 ÷ 3, म्हणजे 1.53 जातात. सगळ्या विषयांची सरासरी काढल्यावर मग मुलांचं मत विचारणाऱ्या सर्वेक्षणाचा भाग मिळवायचा. बहुतेक ठिकाणी परीक्षा आणि सर्वेक्षण 80:20 घेतात. भार आणि लक्ष्य विभागाच्या बैठकीत आधी ठरवून इतिवृत्तात नोंदवा. निकाल लागल्यावर ठरवलेलं लक्ष्य लपत नाही.
गाडी अडते ती मॅपिंगवर. रकान्यात सगळीकडे 3 भरलेले असतात आणि प्रश्नपत्रिकेत 'व्याख्या लिहा', 'प्रकार सांगा' एवढंच. समस्या विश्लेषणाचा पीओ त्यातून कुठून येणार? जलविज्ञानात असं विचारा: कोयनेतून सोडलेल्या विसर्गाने आयर्विन पुलाजवळ कृष्णा 45 फुटांची धोका पातळी कधी गाठेल ते काढा, गृहीतकं लिहा, उत्तर कितपत भरवशाचं ते सांगा. विसर्ग, अंतर आणि नदीच्या छेदाची माहिती प्रश्नातच द्या. असा एक प्रश्न, त्याची गुणविभागणी आणि चांगली, मध्यम, कच्ची अशी तीन उत्तरं फाइलला लावली तर तिथे 3 लिहायला आधार मिळतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अटेनमेंट लक्ष्याखाली राहिलं तर गुण कापतात का?

उत्तर (सातारा):
तूट दिसली एवढ्यावरून घाबरू नका. तूट, तिचं कारण, केलेला उपाय आणि पुढच्या बॅचचा आकडा एका ओळीत दाखवता आला पाहिजे. 'जादा तास घेतले' एवढं पुरत नाही. कोणत्या सीओसाठी, कोणत्या तारखांना, हजेरी किती, ते लावा. एनबीएची तपासणी समिती मुलांशी वेगळं बोलते, तेव्हा कागदावरचं त्यांच्या तोंडून जुळलं पाहिजे.