मदत हवी आहे: इंकस्केपला पेनड्राइव्ह उघडेना, स्नॅप ठेवू, फ्लॅटपॅक घेऊ की ॲपइमेज?

नौपाड्यात काकांचं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. मागच्या महिन्यात तिथल्या मशीनवर (८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी) मी उबंटू २४.०४ (लिनक्स) टाकलं आणि ॲप सेंटरमधून इंकस्केप (चित्रं, डिझाइन करायचा प्रोग्राम) घेतलं. ते स्नॅप निघालं (स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज ही लिनक्सवर प्रोग्राम पॅक करून देण्याची तीन रूपं).

शनिवारी गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर गणपतीचं चित्र घेऊन आलं. फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्ह दिसतोय, पण इंकस्केपमधून उघडायला गेलं की परवानगी नाही. काकांचा मला ऐरोलीला फोन, "अरे, गिऱ्हाईक उभंय!" चित्र डेस्कटॉपवर कॉपी करायला लावून वेळ मारून नेली.

फ्लॅटपॅक घ्यावं तर पहिल्याच ॲपबरोबर शेकडो एमबीचं रनटाइम (ॲप चालायला लागणाऱ्या सामायिक फाइल्स) उतरतं, आणि दुकानात नेट म्हणजे काकांच्या फोनचा हॉटस्पॉट. पुढची ॲप्स तेच रनटाइम वापरतात म्हणे, पण काकांना दुसरं ॲप लागतंय कुठे?

माझा ओढा ॲपइमेजकडे. एकच फाइल, आणि जुनी आवृत्ती शेजारी ठेवता येते. २०१७ मध्ये इंकस्केप ०.९२ आलं, एका इंचात धरायचे पिक्सेल (डीपीआय) ९० चे ९६ झाले आणि जुन्या पत्रिकांची मापं हलली, ते काका अजून विसरलेले नाहीत. स्नॅप तर आपणहून अपडेट होतं! पण ॲपइमेजला स्वतःचा सँडबॉक्स (ॲपला बाकीच्या फाइल्सपासून रोखणारं कुंपण) नाही, नवी आवृत्ती आपणच आणायची, आणि २४.०४ वर ती चालायला लिबफ्यूज २ हे जोड-पॅकेज वेगळं टाकावं लागतं. काकांना टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) दाखवायची सोय नाही. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १:
एवढ्यासाठी पॅकेज कशाला बदलता? सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इंकस्केप, तिथे बाहेरच्या स्टोरेजची परवानगी चालू करा. स्नॅपला ती आपणहून मिळत नाही. सँडबॉक्ससाठी फ्लॅटपॅक घेणार असाल तर तिथलं इंकस्केप सगळ्या फाइल्सची परवानगी घेऊनच येतं, म्हणजे कुंपण नावालाच. अपडेटची भीती असेल तर स्नॅपला 'होल्ड' लावून अपडेट थांबवता येतं. टर्मिनलची एकच ओळ आहे, ती तुम्ही मारा, काका नकोत.

प्रतिसाद २:
होल्ड लावून विसरू नका, सुरक्षेचे अपडेटही थांबतात. सध्याच्या आवृत्तीची ॲपइमेज मात्र पत्रिकांच्या फोल्डरमध्ये ठेवून द्या, जुनं काम उघडायला.

धागाकर्ता:
परवानगी दिली, पेनड्राइव्ह उघडला. होल्ड रविवारी दुकानात जाऊन लावतो. काकांची आता एकच तक्रार, सकाळी पहिल्यांदा उघडताना फार वेळ घेतं. मी म्हटलं, तोवर चहा सांगा.