क्लबचा इतिहास लिहायचाय: स्थापनेची तीन वर्षं मिळताहेत, कोणतं धरायचं?

रेघोटी: चित्रकार, ग्राफिक डिझायनर आणि जाहिरात छायाचित्रकारांच्या एका विभागीय क्लबचा इतिहास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचा आहे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत स्थापनेचं एक वर्ष आहे, नोंदणी प्रमाणपत्रावर त्यानंतर दोन वर्षांनी आलेलं, आणि पहिल्या प्रदर्शनाची पुस्तिका या दोहोंच्या मधली. कोणतं प्रमाण मानावं? इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तकं, स्लाइड, कॅसेट, फॅक्स, तारीख नसलेली पत्रकं असं बरंच सामान आहे. सुरुवात कुठून करावी?

जुनीफाइल: तिन्ही वर्षं बरोबर असू शकतात. पहिली बैठक, घटनेला मंजुरी, नोंदणी आणि पहिलं प्रदर्शन या चार वेगळ्या घटना आहेत. चौघींच्या तारखा वेगळ्या द्या. न्यूयॉर्कचा आर्ट डायरेक्टर्स क्लब १९२० चा, पण त्याचं पहिलं वार्षिक प्रदर्शन १९२१ चं. लंडनच्या डी अँड एडी या डिझाइन आणि जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेचंही तसंच, स्थापना १९६२ आणि पहिलं प्रदर्शन १९६३. ‘पंचविसावं वार्षिक प्रदर्शन’ या आकड्यावरून उलटं मोजत गेलं की एक वर्ष सहज चुकतं. मध्ये एखादं प्रदर्शन झालंच नसेल तर आणखी. शिवाय वार्षिकात, म्हणजे निवडक कामांच्या दरवर्षीच्या पुस्तकात, बहुधा आदल्या वर्षाचं काम असतं, त्यामुळे कव्हरवरचं साल आणि कामाचं साल एक धरू नका.

पुरावा त्या वेळचा हवा. स्मरणिकेतलं मनोगत पंचवीस वर्षांनंतरच्या आठवणीवर लिहिलेलं असतं, इतिवृत्त मात्र पुढच्याच बैठकीत वाचून कायम होतं. वह्यांत खंड असेल तिथे रोकडवही काढा. ‘हॉल भाडे’, ‘फ्रेमिंग’, ‘निमंत्रणपत्रिका छपाई’ अशा नोंदी सापडल्या तर प्रदर्शनाची तयारी झाली होती. त्याच सुमाराला प्रवेशशुल्काच्या पावत्याही फाडून दिलेल्या असतील तर ते झालं असं धरायला हरकत नाही. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून (पुस्तकातच राहणाऱ्या प्रतींवरून) सभासद कोणत्या क्रमाने आले तेही कळतं.

शाईघर: सुरुवात फॅक्सपासून करा. थर्मल कागदावरची अक्षरं आपोआप उडतात, उन्हात आणि पीव्हीसीच्या पाकिटात आणखी लवकर. मग कॅसेट: आधी पाठीमागच्या दोन्ही पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. डेकचं हेड साफ करून ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर वेव्ह फाइल करा. एमपी३ फक्त ऐकायला.

स्कॅन करताना कागद ४०० डीपीआय (दर इंचातले ठिपके), छापील फोटो ६००, ३५ मिमी स्लाइड ३,००० च्या वर. मूळ प्रत टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये. छापील फोटोवर जाळी उमटते म्हणून डीस्क्रीन (ती जाळी पुसणारी सोय) लावायचं असेल तर ते नकलेवर, मूळ फाइलवर कधीच नाही. जुनी पेस्टअप आर्टवर्क, म्हणजे छपाईसाठी मजकूर आणि चित्रं चिकटवून केलेली मूळ पानं, रोलरवाल्या स्कॅनरमध्ये घालू नका. रबर सोल्युशन (चिकटवायचा गोंद) वाळून ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोकागदावरच्या मजकुराच्या, पट्ट्या सुटलेल्या असतात, लेट्रासेटची (शीटवरून घासून उतरवलेली) अक्षरं तडकून पडतात. फ्लॅटबेडच्या (सपाट काचेच्या स्कॅनरच्या) काचेवर पालथं ठेवा, झाकण दाबू नका. गंजलेली पिन ओढली तर कागद फाटतो; आधी तिचे पाय पातळ पात्याने उलगडा. आणि गठ्ठा सोडण्यापूर्वी तो आहे त्या क्रमात मोबाइलवर टिपून ठेवा. कोणतं पत्रक कोणत्या पत्रासोबत होतं हाच पुष्कळदा एकमेव धागा असतो.

रेघोटी: उपयोगी आहे, धन्यवाद. बिनतारखेच्या पत्रकांचं काय?

शाईघर: भिंगाखाली बघा. अक्षर कागदात दाबलेलं आणि कडेला शाईची दाट किनार असेल तर लेटरप्रेस (उठावाच्या खिळ्यांनी दाबून केलेली छपाई). सपाट असेल तर बहुधा ऑफसेट (रबरी रोलरवरून कागदावर येणारी छपाई). घासून उतरवायचं लेट्रासेट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचं. पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आणि लेझररायटर हा प्रिंटर १९८५ चे. पण यातून ‘याआधीचं नाही’ एवढंच ठरतं, कारण लेट्रासेटची जुनी शीट आणि छपाईचे जुने खिळे पुढे वर्षानुवर्षं वापरले जात. शेवटी पत्रकावरची पदाधिकाऱ्यांची नावं इतिवृत्तातल्या निवडीशी ताडून पाहा, त्याने वर्ष जवळजवळ पक्कं होतं.

जुनीफाइल: एक आग्रहाने सांगतो. पारितोषिकांच्या यादीवर इतिहास उभा केला की कला दिग्दर्शक तेवढे उरतात. अक्षरलेखक, रीटचिंग (फोटो दुरुस्ती) करणारे, ब्लॉकमेकर (छपाईचे ठसे करणारे) आणि कार्यालय सांभाळणाऱ्या स्त्रिया गळतात. त्यांची नावं वर्गणीच्या पावत्यांत, हजेरीच्या सह्यांत आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या आभारांत असतात, तिथून उचला. कामं छापताना परवानगी ज्याच्या-त्याच्या हक्कधारकाकडून लेखी घ्या. प्रदर्शनात काम मांडलं म्हणून त्याचा कॉपीराइट क्लबकडे येत नाही, आणि जाहिरातीच्या बाबतीत तो कलाकाराकडे नसून ग्राहकाकडे असण्याचीही शक्यता असते.