शेजाऱ्यानं पुराचा गाळ काढून दिला, पैसे घेत नाही. फेडायचं कसं?

सीनाकाठचा कंडक्टर

नमस्कार मंडळी. मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला चार एकर रान आहे आणि वस्तीही रानातच. घरात मी, आमच्या मंडळी आणि एक म्हैस. पोरगा पुण्याला.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे 2025 ला, सीनेला पूर आला तो तुम्ही टीव्हीवर बघितला असेल. लांबोटीपाशी सोलापूर-पुणे हायवे बंद पडला होता तोच. आमच्यावर पडला त्यापेक्षा पाऊस वरच्या अंगाला जास्त झाला आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचं पाणी मिळून खाली आलं. टँकरची वाट बघण्यात जन्म गेलेली आम्ही माणसं, पुरात काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलंय?

पाणी उतरल्यावर खरी पंचाईत झाली. डांबरीपासून वस्तीपर्यंतच्या शेतरस्त्यावर पोटरीएवढा गाळ. दूधवाला येईना, म्हशीला वैरण नाही, मंडळींच्या शुगरच्या गोळ्या संपत आलेल्या.

आमचे बांधशेजारी बापू. मोजणी आणल्यापासून त्यांचं-आमचं बोलणं बंद आहे. चांगलं बंद आहे, म्हणजे लग्नपत्रिकासुद्धा दुसऱ्याच्या हातून यायची. त्यांच्या ट्रॅक्टरला पुढं डोझर आहे. स्वतःच्या गोठ्यात गाळ तसाच ठेवून ते आणि त्यांचा पोरगा डांबरीपासून रस्ता उघडत आत आले. आमच्या पुढं एक म्हातारी एकटी राहते, आधी तिच्या दारापर्यंत गेले. परत फिरताना ट्रॅक्टर आमच्या अंगणात. माझ्याकडं बघितलं नाही. मंडळींना म्हणाले, "वहिनी, म्हस तेवढी बाजूला बांधा." अंगण, गोठ्याचं तोंड, हातपंपापर्यंतची वाट, सगळं मोकळं केलं आणि चहा न घेता गेले.

डिझेलचे पैसे घेऊन गेलो तर "राहू द्या" एवढंच म्हणून उठले. पोराच्या खिशात घालायला गेलो तर त्यानं परत आणून मंडळींच्या हातात दिले. आता माझा जन्म गेला सुट्टे पैसे तिकिटाच्या मागं लिहून देण्यात आणि उतरताना मोजून परत करण्यात. कुणाचं देणं अंगावर राहिलं की मला झोप लागत नाही. मंडळी म्हणतात, चादर आणि टॉवेल-टोपी द्या. सोलापूरच्या माणसाला सोलापुरी चादर देऊन काय उपयोग, त्यांच्या घरी गाठोडं असेल.

दुसरी भानगड रस्त्याची. मिरगाच्या आत रस्त्याकडेला पाणी जायला चाऱ्या काढून दोन जागी पाईप टाकायचे असं ठरतंय. रस्त्यावर 11 खातेदार. वर्गणी घरटी घ्यायची की एकरी? डांबरीला लागून रान असलेला म्हणतो, मला रस्ता लागतच नाही, मी का देऊ? शेवटच्याचं म्हणणं, ऊस तर तुझा पण गाडीनंच जातो. कुणाकडं असं काही जमलं असेल तर सांगा.

माढेकर

राम राम. आम्हीही सीनेचेच, तुमच्या वरच्या अंगाला. बापूंना मानलं, कारण त्यांनी वेळ साधली. हा गाळ पातळ असताना ट्रॅक्टर घातला तर चाकं रुततात, आणि ऊन खाऊ दिला तर भेगा पडून असा घट्ट होतो की डोझर वरून घसरतो. मधे वाफशाचे थोडके दिवस मिळतात, त्यातच उरकायचं. आमच्या गल्लीत लोक पंचनाम्याची वाट बघत बसले आणि मग टिकाव घेऊन खणत होते. घरातलं मात्र उलटं, तिथं गाळ ओला असतानाच मोटारीचा पाईप लावून धुऊन काढायचा. एकदा भिंतीला धरला की पोपड्यासकट निघतो.

पैशाचा विषय सोडून द्या. पैसे घेतले की त्यांचा ट्रॅक्टर भाड्याचा झाला, आणि भाड्याचा ट्रॅक्टरवाला पुढच्या पुरात फोन उचलत नसतो. आमच्या आज्याच्या काळात इर्जिक घालायचे. ज्याच्या रानात सगळ्यांची औतं यायची त्यानं पोटभर जेवू घालायचं, मजुरीचं नाव कुणी काढायचं नाही. पुढं ज्याची नड त्याच्याकडं. आता औतं गेली, पण ज्वारी काढणीची नड तशीच आहे. मालदांडी अजून हातानंच उपटायची आणि त्याला माणूस मिळत नाही. बापूंची ज्वारी असेल तर काढणीला चार माणसं घेऊन उभे राहा. त्यांना नाही म्हणता येणार नाही, कारण तुम्ही रानात उभे असणार.

वर्गणीचं म्हणाल तर आम्ही एकरी घेतली. घरटी घेतली की अर्ध्या एकरवाला आणि दहा एकरवाला एका मापात येतात, मग अर्ध्या एकरवाला देत नाही आणि त्याचं बरोबर असतं. डांबरीलगतच्याकडून रोख मागितली नाही. त्याच्या रानातला मुरूम घेतला आणि त्याची वर्गणी त्यात वळती केली.

कोर्टाची पायरी

सोलापुरातच वकिली करतो, फुकटचा सल्ला देतो. गोडी आहे तोवर रस्ता कागदावर आणा. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्याचा शासन निर्णय मे 2025 मध्ये निघालेला आहे. आज बापू गाळ काढतात, उद्या त्यांचा पोरगा रान विकतो, घेणारा तार मारतो. मग या तहसीलला. असलेला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अर्ज करायचा, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. रस्ता मुळात नसेल आणि बांधावरून मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि दोन-दोन वर्षं तारखा खातात.

आणखी एक. रानात तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी 18,000 रुपये असा मदतीचा निकष आहे. तुमचं नाव यादीत आलं का? बापूंचं?

जुळे सोलापूर ते मिनेसोटा

काका, तुमचं वाचून आमच्याकडच्या जानेवारीची आठवण झाली. लग्नानंतर मी अमेरिकेत, मिनेसोटात, गावाबाहेर शेतवस्तीसारख्या ठिकाणी राहते. इथं गाळाच्या जागी बर्फ, बाकी तिढा तोच. घरापासून सडकेपर्यंतची वाट ज्याची त्यानं काढायची. सडकेवरून सरकारी गाडी बर्फ लोटत जाते आणि नेमक्या आपल्या वाटेच्या तोंडाशी त्याचा बांध घालून जाते. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, पण हा लोटलेला गोठून दगड होतो. तो फोडला नाही तर गाडी बाहेर निघत नाही. टपालपेटीपुढचा काढला नाही तर टपालही पडत नाही. मीठ टाकून भागत नाही, कारण साधं मीठ उणे 9-10 अंशांच्या खाली फारसं चालत नाही आणि इथं पारा त्याच्या कितीतरी खाली जातो.

आमचे शेजारी सत्तरीचे शेतकरी. पिकअपला पुढं पातं बसवलेलं आहे. पहाटे स्वतःची वाट काढतात, मग आमची, मग पलीकडच्या आजींची. थंडीत फावड्यानं बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन माणसं जातात, म्हणून वयस्कर माणसाच्या हातात फावडं दिसलं की लोक गाडी थांबवून उतरतात. यांनीही आमच्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. मी शेंगाची चटणी नेऊन दिली होती, त्यांनी पाव चमचा खाल्ला आणि बराच वेळ बोलले नाहीत. पुढं ते लेकीकडं गेले की त्यांची कोंबडी आणि कुत्रं आम्ही सांभाळायला लागलो. त्यावर मात्र ते खूश. ट्रॅक्टरच्या बदल्यात ट्रॅक्टरच द्यावा लागतो असं नाही.

पण एक विचारते, बापूंनी तो गाळ लोटला कुठं? आमच्याकडं सगळी भांडणं यावरून होतात. आपल्या वाटेवरचा बर्फ सार्वजनिक सडकेवर लोटणं इथं कायद्यानं गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत लोटला तर कायद्याची गरजच पडत नाही!

बाळीवेस कट्टा

लई विचार करायलाव मामा. बापू बांधावरून भांडले तेव्हा मोजून भांडले का? आता गाळ पण मोजून काढला नसणार. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला जाऊन आलं की हुरड्याला बोलवायचं, शेंगा चटणी, गूळ, वर दही. हुरडा खाताना माणूस गप्प बसूच शकत नाही, आपोआप बोलणं सुरू होतंय बे. आणि वकीलसाहेब, जरा दमानं. अजून दोघं एकमेकाशी बोलेनात आणि तुम्ही कलमं काढायलाव.

कोर्टाची पायरी

बोलणं सुरू झाल्यावरच कागद करायचा असतो. भांडणात केलेल्या कागदाला दावा म्हणतात, त्यावर माझं घर चालतं. मी माझ्या धंद्याविरुद्ध सांगतोय हे लक्षात घ्या.

सीनाकाठचा कंडक्टर

सगळ्यांचे आभार. वाचून दाखवलं मंडळींना. चटणीच्या ठिकाणी लई हसल्या.

ताई, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. डोझरनं लोटलेला गाळ पडायला रस्त्याच्या दोन्ही अंगाला रानंच होती. बापूंनी तो सगळा स्वतःच्या बाजूला घेतला. वळणावर ट्रॅक्टर माझ्याकडं तोंड करून होता, सरळ लोटला असता तर माझ्या बांधावर गेला असता, आणि मी तेव्हा काही म्हणूही शकलो नसतो. त्यांनी मागं घेऊन, तिरपं करून आपल्या पडीक पट्टीत टाकला. हे मी गोठ्यात उभं राहून बघितलंय. डिझेलपेक्षा हेच जास्त डोक्यात बसलंय.

माढेकर, ज्वारी काढायला माझे गुडघे साथ देत नाहीत. एसटीच्या पायऱ्यांनी त्यांचं वाटोळं केलंय. पण वकीलसाहेबांनी विचारलं म्हणून चौकशी केली, तर माझं नाव यादीत आहे, बापूंचं नाही. कारण सातबारा अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर. म्हातारे जाऊन बरीच वर्षं झाली, वारस नोंद कुणी केलीच नाही. दोन बहिणी बार्शीला, एक अक्कलकोटला, आणि बापूंना कागद बघितला की घाम फुटतो. ट्रॅक्टर रिव्हर्समधे अरुंद बांधावरून नेणारा माणूस तलाठी कार्यालयाच्या पायरीवरून परत येतो.

कागद म्हणजे माझा हातचा मळ. रोजचं वेबिल लिहिण्यात नोकरी गेली. काल मीच त्यांच्या दारात गेलो आणि पैशाचं काही काढलं नाही. म्हणलं, "आबांचा मृत्यूचा दाखला आहे का घरात?" बराच वेळ बघत बसले. मग आत जाऊन पत्र्याची पेटीच उचलून आणली. दाखला आहे, कडेला वाळवी लागलीय पण नोंदणी क्रमांक वाचता येतो, नवीन प्रत निघेल. वारसांचं प्रतिज्ञापत्र करायला बहिणींना फोन लावला. अर्ज दिला की तलाठी फेरफार धरतो, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. वकीलसाहेब, बहिणींची नावं वगळायची नाहीत हे मी आधीच सांगितलंय. बापू म्हणाले, वगळायची कशाला, त्यांचीही आहे की जमीन. गेल्या सालची मदत आता मिळेल का नाही ते विचारून बघू, पण पुढच्या वेळी नाव तरी लागेल.

बांधाचा विषय निघाला नाही. तो निघेल तेव्हा निघेल, मोजणीची खूण मी सोडणार नाही.

रस्त्याची वर्गणी एकरी ठरवली. डांबरीलगतचा मुरूम द्यायला तयार झाला, पण खड्डा आम्हीच बुजवून द्यायचा या अटीवर. शेवटच्या म्हातारीकडून काही घ्यायचं नाही असं बापूंनीच सांगून टाकलं, त्यामुळं कुणी तोंड उघडलं नाही. चाऱ्या दोन्ही अंगाला काढतोय, कारण पाणी रस्त्यावर उभं राहिलं की काळ्या रानात मुरूम सुद्धा खाली गिळला जातो.

आता फक्त सिमेंटचे पाईप पाहिजेत, दोन फुटी. नवीन घ्यायचे तर वर्गणी पुरत नाही. मोहोळ, कुरुल, कामती भागात कुणाकडं जुने पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जातो. ट्रॅक्टर बापूंचा, डिझेल माझं. एवढं त्यांनी कबूल केलंय.