वर्गात पीपीटी आणि ड्राईव्हची सक्ती, तुम्हाला पटते का?

खडूवाला_कोथरूड
आमच्या शाळेत यंदापासून नववी-दहावीचा प्रत्येक धडा पीपीटीवरच घ्यायचा आणि फाईल गूगल ड्राईव्हवर टाकायची असं ठरलंय. मी 22 वर्षं भूमिती शिकवतोय, मला हे अजिबात पटलेलं नाही. परवा 'अ' तुकडीला पायथागोरसची सिद्धता स्लाईडवर घेतली, आकृती पक्ष साध्य रचना सगळं तयार, बारा मिनिटांत उरकलं, एकाचाही हात वर नाही, फक्त "सर ड्राईव्हवर टाका". 'ब' ला तीच फळ्यावर घेतली, कर्णावर लंब टाकला आणि मुद्दाम थांबलो, तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, हे त्रिकोण तर समरूप झाले की! ते "झाले की" स्लाईडवर येत नाही हो.

जीवशास्त्र_हडपसर
सर, भूमितीपुरतं मान्य. पण हृदयाचा एक ठोका साधारण 0.8 सेकंदाचा, त्यात आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात मग खालचे, कुठली झडप कधी मिटते, हे खडूने कसं दाखवू? मी अ‍ॅनिमेशन हळू करून चारदा लावते, मध्येच थांबवते, आता रक्त कुठे जाईल विचारते आणि हात वर येतात. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा डेंग्यूने तीन आठवडे घरी होता, ड्राईव्हवर सगळं होतं म्हणून तो मागे पडला नाही. फळा पुसला की गेला.

पालक_येरवडा
मॅडम, आमच्या घरात फोन एकच, तो मिस्टरांबरोबर रिक्षात असतो, रात्री दहाला घरी येतो. तोपर्यंत पोरगी पेंगते. आधी वहीत सगळं असायचं, आता वही कोरी, विचारलं तर म्हणते "ड्राईव्हवर आहे". मी काय उघडून बघू?

जीवशास्त्र_हडपसर
ताई, हे खरंय, मी नाकारत नाही. आम्ही पीडीएफच्या दोन प्रिंट लायब्ररीत ठेवतो, तुमच्या शाळेतही मागून बघा. पण म्हणून ड्राईव्हच नको हे नाही पटत.

लॅबवाला_पुणे
मी शाळेत संगणक बघतो, रोजचं सांगतो. शिक्षक घरी श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करून आणतात, वर्गातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो, मग पडद्यावर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं, आणि दहा मिनिटं गेली. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल अशा मराठीत, टाईप करा, नाहीतर पीडीएफ करून आणा. गूगलचे फुकटचे 15 जीबी मेल आणि फोटो मिळून असतात, व्हिडिओ टाकले की संपतात. फाईलला परवानगी द्यायची राहते, मग रात्री अकराला पोरांच्या रिक्वेस्ट. आणि गुरुवारी लाईट गेली तर खडूच लागतो, म्हणून सक्ती नकोच.

खडूवाला_कोथरूड
मॅडम, तुमचं ठोक्याचं उदाहरण पटलं. मी आता नुसती आकृती पडद्यावर ठेवून पायऱ्या फळ्यावर घेऊन बघतो. पण "प्रत्येक धडा" हे शब्द मला मान्य नाहीत. शनिवारी मीटिंग आहे, ताईंचं कोऱ्या वहीचं म्हणणं तिथे जसंच्या तसं मांडणार.

जीवशास्त्र_हडपसर
जरूर मांडा. फक्त सक्ती काढा म्हणताना प्रोजेक्टरच काढून नेतील असं बोलू नका, आम्हाला तो तीन वर्षं अर्ज करून मिळालाय.