रेडिएशननंतर बाबांचा पीएसए वाढतोय, बायोप्सीआधी कुठला स्कॅन?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, बाबा ७२ वर्षांचे, ४ वर्षांपूर्वी प्रोस्टेटचं रेडिएशन झालं, ऑपरेशन नाही. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ०.३ पर्यंत उतरला होता, मग हळूहळू चढत आता २.६ आलाय. मागच्या बायोप्सीनंतर ताप आणि लघवीतून रक्त, म्हणून बाबा परत सुई नको म्हणतात. नुसत्या स्कॅनवर कळतं का? एमआरआय करू की पेट स्कॅन (पीईटी), दोन्ही खिशाला जड आहेत.

फिल्मवाली:
दादा, रेडिएशननंतरचा सगळ्यात खालचा पीएसए अधिक २ झाला की आजार परतला असं धरतात, ही फिनिक्स व्याख्या. तुमच्या बाबांची रेषा २.३, ती ओलांडलीय, त्यामुळे थांबू नका. पेट सांगतो आजार अंगात कुठे कुठे आहे, एमआरआय प्रोस्टेट ग्रंथीतली नेमकी जागा दाखवतो. पण रेडिएशनने अख्खी ग्रंथी आकसून टी२ वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात) काळपट होते, गाठ त्यातच मिसळून जाते, म्हणून डिफ्यूजन (पाण्याच्या हालचालीवरची चित्रं) आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) हवंच. चिठ्ठीवर 'मल्टिपॅरामेट्रिक' (म्हणजे ही सगळी चित्रं मिळून) लिहून घ्या, क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या.

पुतण्या_सातारा:
आमच्या काकांचा बोन स्कॅन साफ होता आणि गॅलियम पीएसएमए पेटमध्ये (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं औषध देऊन केलेला पेट) ओटीपोटातली एक लिम्फ नोड (लसीका गाठ) लख्ख दिसली, सगळी ट्रीटमेंट त्यावरून ठरली. साखरेच्या पेटसारखं (ज्यात साखरेसारखं औषध देतात) उपाशी राहायची सहसा गरज नसते, सेंटरला विचारा. पीएसएमएचं औषध लघवीतून बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय इतकं चमकतं की शेजारचं झाकलं जातं, म्हणून टेबलावर झोपायच्या आधी लघवीला जाऊन यायला सांगा. आणि हो, स्कॅनच्या आधी हार्मोनचं इंजेक्शन सुरू करायचं का ते डॉक्टरांना विचारूनच, त्याने चित्र बदलू शकतं.

कृष्णाकाठ:
खूप आभार दोघांचे. मग बायोप्सी टळेल का?

फिल्मवाली:
हाडात किंवा नोडमध्ये स्पष्ट दिसलं तर बऱ्याचदा प्रोस्टेटची बायोप्सी लागत नाही. पण फक्त ग्रंथीतच असेल आणि क्रायो (गोठवणं), हायफू (ध्वनिलहरींनी जाळणं), ब्रेकी (आतून रेडिएशन) किंवा ऑपरेशन करायचं असेल तर डॉक्टर मागणारच, कारण रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा हात घातला की लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो आणि एवढं मोठं पाऊल नुसत्या चमकणाऱ्या ठिपक्यावर उचलत नाहीत. स्कॅनमुळे सुई नेमकी कुठे घालायची ते मात्र कळतं. मागच्या वेळी ताप आला होता ना, तर गुदमार्गाऐवजी पेरिनियममधून (वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून) करता येईल का विचारा, त्यात इन्फेक्शन कमी होतं. माझं मत, आधी बाबांनाच विचारा, असं काही निघालं तर पुढचा उपचार घ्यायची तयारी आहे का, आणि हे युरोलॉजिस्टला स्कॅनच्या आधी सांगा.